फळ्यावरचा प्रश्न आणि अडलेली सिद्धता

वाचकाचं पत्र:

“गणिती भौतिकशास्त्रात पीएच.डी. आणि दोन पोस्टडॉक करून मी आता एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आहे. नोकरीचं हे तिसरं वर्ष. माझा विषय क्वांटम स्पिन साखळ्या, म्हणजे एका रेषेत मांडलेल्या, शेजाऱ्यांशी जोडलेल्या सूक्ष्म चुंबकांची मॉडेलं. एका मॉडेलमध्ये साखळी कितीही लांब केली तरी ग्राउंड स्टेट (सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था) आणि पहिली उत्तेजित अवस्था यांच्यातलं ऊर्जेचं अंतर शून्याकडे जात नाही, म्हणजे स्पेक्ट्रल गॅप टिकून राहते, हे मला सिद्ध करायचं आहे. बराच काळ एकाच लेमापाशी, म्हणजे सिद्धतेतल्या एका मधल्या विधानापाशी, अडलो आहे. दर सत्रात दोन विषय शिकवतो, त्यातला एक बहुतेक वेळा नवाच असतो. दिवस तयारीत आणि पेपर तपासण्यात जातो. सहकारी विचारतात, संगणकावर गॅप दिसतेच आहे तर सिद्ध कशाला करायची? मागच्या निबंधाला भौतिकशास्त्राच्या नियतकालिकानं ‘यात नवं भौतिकशास्त्र काय?’ असं विचारलं, आणि गणिताच्या नियतकालिकानं ‘गृहीतकं विखुरलेली आहेत, हेतू कळत नाही’ असं लिहून परत पाठवलं. दोन वर्षांनी माझ्या कामाचा आढावा आहे. एक विद्यार्थिनी माझ्याकडे संशोधन करायचं म्हणते आहे, तिला काय सांगू कळत नाही. मोठा प्रश्न सोडून द्यावा का? की शिकवण्यात कमी लक्ष घालावं? आणखी एक, तसं किरकोळ. परवा वर्गात एकानं खोक्यातल्या कणाबद्दल विचारलं, की एका अवस्थेत ऊर्जेचा व्हेरिअन्स (वर्गाची सरासरी वजा सरासरीचा वर्ग) ऋण कसा येतो? ‘तो गणिती बारकावा आहे, परीक्षेला येत नाही’ असं सांगून मी पुढे गेलो. तेव्हापासून मनाला लागून राहिलं आहे.”

उत्तर:

तुम्ही ज्याला किरकोळ म्हणता, तिथूनच सुरुवात करते. त्या विद्यार्थ्यानं विचारलं ते तुमच्या संशोधनाच्या फार जवळचं आहे, आणि तुमच्या बाकीच्या बऱ्याच अडचणींची वाट तिथून जाते असं मला वाटतं.

तो हिशोब बहुधा असा असणार. खोक्याची रुंदी १, कणाचं वस्तुमान १, क्वांटम सिद्धांतातला स्थिरांक एच-बारही १ धरू. अवस्था घेऊ ‘क्ष गुणिले १ वजा क्ष’, आणि ती नॉर्मलाइझ करायला पुढे ३० चं वर्गमूळ. दोन्ही भिंतींवर ती शून्य होते, म्हणजे दिसायला अगदी सभ्य अवस्था. ऊर्जेची सरासरी येते ५. आता ऊर्जेच्या वर्गाची सरासरी काढायला हॅमिल्टोनियन, म्हणजे ऊर्जेचा ऑपरेटर, दोनदा लावा. फलन द्विघाती आहे, चौथं विकलज शून्य, म्हणून सरासरीही शून्य. शून्यातून ५ चा वर्ग वजा केला की व्हेरिअन्स उणे २५. हे अशक्य आहे, आणि पोराला ते दिसलं. पाठ्यपुस्तकातला नियम प्रामाणिकपणे वापरून तो अशक्य उत्तरापर्यंत पोचला आणि थांबून विचारायचं धैर्य त्यानं दाखवलं.

उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. हॅमिल्टोनियन एकदा लावल्यावर हातात स्थिर फलन येतं. ते भिंतींवर शून्य होत नाही, म्हणजे हॅमिल्टोनियनच्या डोमेनमध्येच, तो ज्या फलनांवर लावता येतो त्यांच्यातच, बसत नाही. त्याच्यावर तोच ऑपरेटर पुन्हा लावायची परवानगी आपल्याला नव्हती. सरासरीच्या सूत्रात अवस्था दोन्ही बाजूंना येते, तिथे एकेक हॅमिल्टोनियन दोन्ही बाजूंना वाटून दिला की बरोबर उत्तर मिळतं: वर्गाची सरासरी ३०, व्हेरिअन्स ५.

हे दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला फंक्शनल अ‍ॅनालिसिस न शिकवता सांगता येतं. ती अवस्था साइन फलनांत उलगडायला सांगा. ऊर्जेच्या सम क्रमांकाच्या पातळ्या गळतात. विषम पातळ्यांचे सहगुणक पातळीच्या क्रमांकाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतात, आणि ऊर्जा क्रमांकाच्या वर्गानं वाढते. पहिल्या पातळीची संभाव्यता ९६० भागिले पायचा सहावा घात, म्हणजे ९९.८ टक्क्यांहून जास्त. पण ऊर्जेच्या वर्गाच्या ३० या सरासरीत पहिल्या पातळीचा वाटा फक्त २४.३. उरलेले ५.७ येतात ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी असलेल्या शेपटीतून. दोनदा विकलज घेणाऱ्या हिशोबानं ही शेपटी पुसून टाकली होती. आता मुलांना ऊर्जेच्या घनाची सरासरी काढायला सांगा. बेरजेतलं प्रत्येक पद सारखंच येतं आणि बेरीज अनंताला जाते. मला तर हे फार सुंदर वाटतं. पहिल्या आठवड्यात शिकवायच्या प्रणालीत एक साधी, गुळगुळीत अवस्था आहे, आणि तिच्या ऊर्जेचा तिसरा मोमेंट अस्तित्वातच नाही.

तेव्हा पुढच्या तासाला वर्गात परत जा आणि ‘त्या दिवशीचा प्रश्न आज घेऊ’ म्हणा. पंधरा-वीस मिनिटं पुरतील. ‘सीमेवरची अट हा ऑपरेटरचाच भाग आहे’ एवढं एक वाक्य फळ्यावर राहिलं तरी पुष्कळ झालं.

आता तुमच्या संशोधनाकडे बघा. अ‍ॅफ्लेक, केनेडी, लीब आणि तासाकी यांचं मॉडेल तुम्हाला तोंडपाठ असेल. टोकं जोडून वर्तुळ केलं तर एकच ग्राउंड स्टेट. टोकं मोकळी ठेवली तर दोन्ही टोकांना अर्ध्या स्पिनसारखं काहीतरी शिल्लक राहतं आणि ग्राउंड स्टेट चार होतात. साखळीच्या आतलं सगळं तेच, फक्त टोकाची अट बदलली. गॅपच्या प्रत्येक विधानात ‘कोणत्या सीमा-अटींसह’ हे आधी लिहावं लागतं, हे तुम्ही रोज जगता. वर्गातल्या मुलाचा प्रश्न हाच आहे, फक्त एका कणाच्या पातळीवर. त्याला उत्तर देताना तुमच्याजवळ असं काही होतं जे विभागातल्या इतर कुणाजवळ बहुधा नसेल, आणि तुम्ही ते खिशात ठेवलंत. रेफरींच्या शेऱ्यांवरून मला असंही वाटतं, की निबंधात याच्या उलट होत असावं. तिथे तुमच्यातला भौतिकशास्त्रज्ञ गप्प बसतो. वर्गात गणित लपवायचं आणि लेखनात भौतिकी लपवायची, ही सवय तुम्हाला दमवते आहे. वेळेची टंचाई खरी आहे, तिच्याकडे येतेच. पण हे दडवणं थांबलं नाही तर जास्तीचा वेळ मिळूनही फार फरक पडणार नाही.

शिकवताना पाया हलतोय असं वाटणं आणि त्यातून काम उभं राहणं, हे आपल्या विद्येत नवं नाही. जर्मन गणितज्ञ डेडेकिंड १८५८ साली झुरिकला पहिल्यांदाच कलन शिकवत होता, वय जेमतेम सत्तावीस. संख्यारेषेचं सातत्य भूमितीच्या आधारानं समजावताना त्याला ते पुरेसं वाटेना. त्या अस्वस्थतेतून वास्तव संख्यांची त्याची व्याख्या त्याच वर्षी तयार झाली. छापली मात्र १८७२ साली, आणि प्रस्तावनेत त्यानं ही हकिगत स्वतः लिहून ठेवली. प्रत्येक तासातून असं काही निघेल, असं मी म्हणणार नाही. बहुतेक तासांतून निघत नाही. पण मुलांच्या अशा प्रश्नांची एक वही ठेवा. वर्षभरात त्यातले एक-दोन तरी तुम्हाला खरोखर विचारात पाडतील.

आता वेळ. दर सत्रात नवा विषय घेणं ताबडतोब थांबवा. पहिल्यांदा शिकवायच्या विषयाला जेवढी तयारी लागते, तिच्या निम्मीही तिसऱ्या खेपेला लागत नाही. विभागप्रमुखांना स्पष्ट सांगा की क्वांटम मेकॅनिक्स आणि गणिती पद्धती हे दोन विषय सलग तीन-चार वर्षं माझ्याकडे ठेवा, मी ते नीट उभे करतो. ही मागणी वाजवी आहे, आणि मुलांच्याही फायद्याची आहे. नवे शिक्षक सगळ्याला हो म्हणतात, कारण नाही म्हटलं तर काय होईल याची धास्ती असते. विषय निवडून मागणाऱ्या माणसाला लोक जबाबदार समजतात, असाच माझा अनुभव आहे.

तयारीला वेळेची हद्द घाला. तयारी आपण देऊ तेवढा वेळ घेते आणि तरी अपुरीच वाटते. एका तासासाठी एक प्रश्न, त्याचं एक पूर्ण गणित आणि मुलांवर सोडायची एक गोष्ट, एवढं कागदावर आलं की उठा. संपूर्ण टिपणं लिहीत बसू नका, त्यासाठी चांगली पुस्तकं आहेत. आणि सकाळचे पहिले दोन तास सिद्धतेचे, ज्या दिवशी वर्ग आहे त्या दिवशीही. संध्याकाळी दमलेल्या डोक्यानं पेपर तपासता येतात, सिद्धतेतले अंदाज बांधता येत नाहीत. शिकवण्यात कमी लक्ष घालू का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. तास कमी द्या, लक्ष तेवढंच राहू द्या.

मोठा प्रश्न सोडावा का? इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

हाल्डेननं १९८३ मध्ये भाकीत केलं, की पूर्णांक स्पिनच्या हायझेनबर्ग साखळीत (शेजारच्या स्पिनांमधल्या सर्वांत साध्या जोडणीच्या मॉडेलमध्ये) गॅप असते आणि अर्ध-विषम (१/२, ३/२ अशा) स्पिनच्या साखळीत नसते. पुष्कळांना ते पटेना, कारण अर्ध्या स्पिनच्या साखळीचं बेथेच्या पद्धतीनं निघणारं ‘गॅप नाही’ हे उत्तर सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं होतं. अर्ध-विषम बाजूचा गणिती पाया लीब, शुल्ट्झ आणि मॅटिस यांच्या १९६१ च्या कामात आधीच होता. पूर्णांक बाजूचं काय? स्पिन १ च्या हायझेनबर्ग साखळीत गॅप आहे याची काटेकोर सिद्धता आजही नाही. संगणकाच्या आकडेमोडीत ती कपलिंगच्या, म्हणजे शेजाऱ्यांमधल्या जोडणीच्या ताकदीच्या, ०.४१ पट इतकी स्वच्छ दिसते, हाल्डेनना २०१६ साली नोबेल मिळालं, तरीही नाही. मग १९८७ साली अ‍ॅफ्लेक, केनेडी, लीब, तासाकी यांनी काय केलं? त्यांनी हायझेनबर्गच्या साखळीवर डोकं आपटलं नाही. तिच्या जवळचं दुसरं मॉडेल रचलं, ज्याची ग्राउंड स्टेट हातानं लिहिता येते, आणि त्यात गॅप सिद्ध केली. मूळ प्रश्न तसाच राहिला, आणि तरी त्या कामानं विषयाचा चेहरा बदलला.

त्याच मंडळींनी षटकोनी जाळीवरचं मॉडेलही मांडलं होतं. तिथे सहसंबंध अंतराबरोबर घातांकी वेगानं कमी होतात हे त्यांनी १९८८ मध्ये दाखवलं. गॅपची सिद्धता मात्र राहून गेली. ती हाती यायला २०२० च्या आसपासचा काळ उजाडला, आणि वाटेत एक पायरी अशी होती की जाळीच्या प्रत्येक कडेवर जादा स्पिन बसवून त्या ‘सजवलेल्या’ जाळीसाठी आधी सिद्धता द्यायची. सजवलेली जाळी कुणाला हवी होती? तशी कुणालाच नाही. पण त्यातून कोणती अडचण खरी आणि कोणती आपल्या पद्धतीची, हे उमगलं.

म्हणून प्रश्न सोडू नका, या वर्षी त्यातून काय सिद्ध करायचं ते बदला. अडलेला लेमा कोणत्या जास्तीच्या गृहीतकाखाली सिद्ध होतो, ते लिहून काढा. पॅरामीटरच्या कोणत्या टोकाला तो सोपा पडतो? तुमच्या मॉडेलची सजवलेली आवृत्ती काय असेल? आणि एक आठवडा पूर्णपणे उलट काम करा, लेमा खोटा आहे असं धरून प्रतिउदाहरण शोधा. आपल्याला सत्य वाटणाऱ्या गोष्टीविरुद्ध मन लावून काम करणं अवघड जातं, पण अडलेल्या लेम्याबद्दल त्या एका आठवड्यात जे कळतं ते महिनोन्‌महिने त्याच पानावर बसून कळत नाही. अनेकदा लेमा खरा असतो, फक्त सीमेच्या जवळ खोटा असतो.

सहकाऱ्यांच्या ‘दिसतंय तर सिद्ध कशाला’ या प्रश्नानं चिडू नका, त्याला खरं उत्तर आहे. संगणक ठरावीक लांबीपर्यंतच बघतो. स्पिन २ च्या हायझेनबर्ग साखळीतच गॅप ०.०९ च्या खाली जाते, स्पिन वाढवत गेलात तर ती इतकी बारीक होते की कितीही लांब साखळी अपुरी पडते. त्यापलीकडे, क्युबिट, पेरेझ-गार्सिया आणि वोल्फ यांनी २०१५ साली दाखवलं की दोन मितींत ‘या मॉडेलला गॅप आहे का’ या सर्वसाधारण प्रश्नाचा निर्णय देणारी पद्धत असूच शकत नाही. २०२० मध्ये तेच एका मितीसाठी, म्हणजे साखळ्यांसाठीही सिद्ध झालं. त्या रचनांत एका प्रचंड लांबीपर्यंत प्रणाली एक वागणूक दाखवते आणि मग अचानक दुसरी. अशी मॉडेलं मुद्दाम घडवलेली असतात हे खरं, तुमचं तसं नसेल. पण नाही हे कळणार कसं, सिद्धतेखेरीज? हे त्यांना शांतपणे सांगा. बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांना ते आवडतं.

याचा अर्थ आकडेमोडीला कमी लेखावं असा नाही. नाबेनं १९८८ साली एक निकष दिला: सांत साखळीची गॅप एका ठरावीक उंबरठ्याच्या वर गेली, तर अनंत साखळीतही गॅप असलीच पाहिजे. साखळी जितकी लांब तितका उंबरठा खाली. हा निकष फ्रस्ट्रेशन नसलेल्या मॉडेलांसाठी आहे, म्हणजे जिथे ग्राउंड स्टेट हॅमिल्टोनियनचं प्रत्येक पद स्वतंत्रपणे किमान करते. तुमचं मॉडेल तसं असेल तर लेम्याला वळसा घालायची वाट इथेच असू शकते. षटकोनी जाळीचं कामही अशाच प्रकारच्या निकषाला संगणकाच्या गणनेची जोड देऊन झालं. फक्त निबंधात प्रत्येक आकड्यापुढे तो सिद्ध केलेला आहे की मोजलेला, आणि मोजलेला असेल तर चूक किती असू शकते, हे ठसठशीत लिहा. ही शिस्त पाळली तर गणिती वाचकही आकडेमोडीचा मान ठेवतात.

पहिली सिद्धता ओबडधोबड असू द्या. द्रव्य कोसळून का पडत नाही याची डायसन आणि लेनर्ड यांनी १९६७ साली दिलेली सिद्धता लांबलचक होती आणि तिच्यातून निघणारा स्थिरांक वास्तवापासून कैक पटींनी दूर. १९७५ मध्ये लीब आणि थिरिंग यांनी नवी असमता शोधून ती आटोपशीर केली. दोन्ही कामं आज आदरानं वाचली जातात. तुम्ही अजून न लिहिलेलं काहीतरी ‘नीटनेटकं होऊ दे’ म्हणून दाबून ठेवलं असेल, अशी मला शंका आहे. असेल तर ते बाहेर काढा.

रेफरींचं. दोन्ही शेरे मला खरे वाटतात, आणि दोन्हींचं उत्तर निबंधाच्या पहिल्या दोन पानांत आहे. पहिल्या पानावर भौतिक प्रश्न साध्या भाषेत: कोणती प्रणाली, लोकांना काय वाटतं, का वाटतं, काय माहीत नाही. दुसऱ्या पानावर प्रमेय, सगळी गृहीतकं एकाच ठिकाणी, सीमा-अटींसकट. त्यानंतर सिद्धतेची कल्पना दोन परिच्छेदांत, आणि मग तपशील. बऱ्याच तरुण लेखकांची प्रमेयं अकराव्या पानावर येतात. तोपर्यंत रेफरीचं मत बनून गेलेलं असतं.

शिवाय योग्य दारावर जा. दोन विद्यांच्या मधली नियतकालिकं आपल्यासारख्यांसाठीच निघाली: ‘कम्युनिकेशन्स इन मॅथेमॅटिकल फिजिक्स’ १९६५ पासून, ‘अनाल्स आंरी प्वांकारे’ २००० पासून. भौतिकशास्त्रातल्या लोकांपर्यंतही पोचायचं असेल तर अ‍ॅफ्लेक मंडळींनी केलं तसं करा. १९८७ मध्ये चार पानांचं पत्र भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात, आणि १९८८ मध्ये सविस्तर सिद्धता गणिती भौतिकशास्त्राच्या. एका लेखात दोन्ही वाचकांना खूश करायला गेलं की दोघंही नाराज होतात. आणि नकारानं खचू नका. अणूंचा श्रोडिंजर हॅमिल्टोनियन सेल्फ-अ‍ॅडजॉइंट आहे, म्हणजे त्याचं क्वांटम गणित नीट पायावर उभं राहतं, हे काटोचं प्रमेय आज आपल्या विषयाचा पाया मानलं जातं. त्यानं ते १९४८ साली भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाकडे पाठवलं, तिथून ते गणिताच्या नियतकालिकाकडे गेलं, आणि छापून यायला १९५१ उजाडलं.

आढाव्याची भीती तुम्ही पत्रात एकाच वाक्यात उरकली आहे, पण ती सगळ्या पत्राखाली आहे हे जाणवतं. त्यासाठी आत्ताच करायच्या दोन गोष्टी. समितीत बहुधा प्रयोगशाळेतली माणसं असतील. आपल्या विषयात वर्षाला किती निबंध येतात, ते किती लांब असतात, परीक्षणाला किती काळ लागतो, हे त्यांना माहीत नसतं. तुमच्या निवेदनात ते साध्या शब्दांत लिहा. गणिती निबंधांत लेखकांची नावं वर्णक्रमानं येतात, तेही लिहा. नाहीतर तिसऱ्या क्रमांकावरचं नाव बघून कुणीतरी समजेल की तुम्ही नुसती मदत केली. दुसरं म्हणजे व्याख्यानं द्या, विशेषतः ज्यांना तुमच्या कामाबद्दल अभिप्राय विचारला जाऊ शकतो त्यांच्यासमोर. अडलेल्या कामावरही व्याख्यान देता येतं. ‘इथपर्यंत सिद्ध झालं, इथे अडलं’ असं सांगणाऱ्या वक्त्याला श्रोते मदत करतात. गणित विभागात कुणी ऑपरेटर थिअरीवाला असेल तर त्याच्याबरोबर आठवड्याला एक वाचनतास सुरू करा, दोघं असलात तरी चालेल. तुमच्या पत्रात सहकाऱ्यांचे प्रश्न आहेत, पण ज्याच्याशी फळ्यापाशी उभं राहून भांडता येईल असं एकही माणूस दिसलं नाही. ही उणीव मला लेम्याइतकीच काळजीची वाटते.

राहिली ती विद्यार्थिनी. तिला घ्या, पण तुमचा अडलेला लेमा तिच्या हाती देऊ नका. मार्गदर्शकाला न सुटलेला प्रश्न पहिल्याच विद्यार्थ्याला देणं अन्यायाचं आहे. सुटला नाही तर तिची वर्षं जातात, आणि अर्धवट सुटला तर श्रेय कुणाचं यावरून मनं दुखावतात. तिला असा प्रश्न द्या ज्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी लिहिता येईल आणि ‘नाही’ आलं तरी. उदाहरणार्थ, तुमच्या मॉडेलच्या छोट्या साखळ्यांची गॅप नेमकी काढायची आणि ती नाबेच्या उंबरठ्याशी ताडून बघायची. उंबरठा ओलांडला गेला तर तुमच्या दोघांच्या हाती प्रमेय आहे. नाही गेला तर मोकळी टोकं आणि जोडलेली टोकं यांत गॅप कशी वेगळी वागते, याचं नीट टिपण होईल, आणि ते तुम्हालाही हवंच आहे. पहिल्या भेटीत तिला सांगा की दर आठवड्याला एक ठरलेला तास तुमचा तिच्यासाठी राखीव आहे, आणि तो तास परीक्षांच्या दिवसांतही मोडू नका.